व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय, घरचे नको म्हणतात – अनुभवींनी बोला

सायली_मिरज | ३ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. झोपेच्या गोळ्यांपासून सुरुवात, मग खोकल्याचं औषध, मग हाताला लागेल ते. आत्या एकटी जायला घाबरायची, म्हणून दर रविवारी पालकसभेला मी तिच्यासोबत जायचे. पहिल्याच सभेत तिथल्या समुपदेशक ताई आत्याला म्हणाल्या, “तुमचं काय चुकलं ते नंतर बघू. आधी सांगा, तुम्हाला रात्री झोप लागते का?” आत्या दीड वर्षात पहिल्यांदा मोकळी रडली. तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. भाऊ आता कुपवाडला वर्कशॉपमध्ये कामाला आहे, बरा आहे.

मला हेच काम करायचंय. घरी बोलले तर बाबा म्हणाले, “दिवसभर दारुड्यांत बसणार? उद्या स्थळं बघायला लागलो की लोकांना काय सांगू?” आई गप्प, पण तिचंही मत तेच असणार.

एम.ए. करू की एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य)? लायसन्स लागतं का? पगारात भागतं का? आणि खरं सांगायचं तर व्यसन लागायच्या आधीच मुलांपर्यंत पोहोचावं असं मला वाटतं, शाळा-कॉलेजात. असं काम असतं का, की २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, रॅली निघते तेवढंच?

पायवाट | ३ जुलै, रात्री ११.१५

सायली, सोळा वर्षं हेच करतेय, पुण्यात. उशीर झालाय, पण तुझा धागा वाचून झोप येईना.

शिक्षणाचं आधी उरकते. दोन्ही वाटा चालतात. एम.ए.ने माणसाच्या आत काय चाललंय ते कळायला लागतं. एम.एस.डब्ल्यू.ने घर, वस्ती, नोकरी, कोर्ट सगळं एकत्र धरून बघायची सवय लागते. त्यातही वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय घे. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट, निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था ही त्यातली जुनी ठिकाणं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि त्यांच्याकडे नोंदणी, याला पर्याय नाही. व्यसनमुक्ती समुपदेशकाला अजून तशी सक्ती नाही. पण संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्यात वर्तन-आरोग्याची कामं करणारेही धरलेत. तेव्हा तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटवर भिस्त ठेवू नकोस, पदव्युत्तर पदवी घेऊनच ये.

पगार. मी २००९ साली साडेसहा हजारांवर लागले. अनुदानावरच्या केंद्रात मानधन अडकतं. माझं एकदा आठ महिने अडकलं होतं, तेव्हा घर नवऱ्याच्या पगारावर चाललं. आता बरं मिळतं, पण तुझ्या वर्गातली मुलं बँकेत लागून जेवढं मिळवतील तेवढं नाही. बाबांना हे लपवू नकोस.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिलं केंद्र मी चार महिन्यांत सोडलं. तिथे पेशंटला मारायचे. मी तक्रार केली तर चालक म्हणाले, “मॅडम, प्रेमाने सुधारणारे असते तर इथे आले असते का?” नोकरी धरण्याआधी बघ: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, डॉक्टर नियमित येतात का, पेशंटला घरी फोन करू देतात का. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले आजारही येतात, म्हणजे तिथल्या माणसाला रुग्ण म्हणून सगळे हक्क आहेत. दारू अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरशिवाय हे करणाऱ्या ठिकाणी एक दिवससुद्धा काम करू नकोस.

आता खरं काम कसं असतं ते.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा आला. एकोणीस वर्षांचा, पॉलिटेक्निकचा, एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन पावडरीवर होता. डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचे पहिले दिवस, संपून समोर बसला तो पाण्याच्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत. वीस मिनिटं फक्त तेवढाच आवाज. मी दोन ओळी लिहिल्या तर म्हणाला, “ताई, हे पप्पांना दाखवणार का?” मी वही त्याच्याकडे फिरवली. लिहिलं होतं, ‘रात्री जेवला नाही. थंडी वाजते म्हणतो.’ त्याने वाचलं आणि लेबल सोडलं. मग मी विचारलं, “या पावडरीनं तुला दिलं काय?” नुकसान काय झालं हे त्याला घरच्यांनी, पोलिसांनी, सरांनी शंभरदा ऐकवलं होतं. मिळालं काय हे कुणी विचारलंच नव्हतं. बराच वेळ गेला आणि म्हणाला, “चार लोकांत बोलता यायचं.”

पुढचे तीन महिने आम्ही त्याच एका वाक्यावर काम केलं. एमडी त्याने पंधरा दिवसांत सोडली होती. चार लोकांत बोलायला शिकणं बाकी होतं.

रोज_एक_दिवस | ४ जुलै, सकाळी ६.३०

पायवाटताईंनी जे लिहिलंय त्याच्या दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण मी त्या खुर्चीत पेशंट म्हणून बसलो आहे. १९९४ पासून गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, मग दारू. २००३ पासून सोबर. त्यातली एकोणीस वर्षं याच कामात.

आमच्या पिढीने गर्द बघितली. मुंबई-पुण्यात चांगल्या घरची पोरं सिगारेटच्या चांदीवर पावडर ओढायची आणि घरातली भांडी विकायची. त्यावर अनिल अवचटांनी लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी देऊ केली, आणि १९८६ साली येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. मुंबईत त्याच्याही आधी, १९८१ साली, फादर जो परेरांनी वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. या दोन्ही ठिकाणी आमच्यासारखी माणसं नुसती बरी झाली नाहीत, कामालाही लागली. बायकोचं दुखणं वेगळं, तिलाही तिच्यासारख्याच बायका भेटायला हव्यात, हे ओळखून मुक्तांगणने ‘सहचरी’ गट चालवला. माझी बायको अशाच एका गटामुळे टिकली, आणि तिच्यामुळे मी.

सायलीताई, तुम्हाला व्यसनाचा अनुभव नाही म्हणून पेशंट म्हणणार, “तुम्हाला काय कळणार?” पहिल्या महिन्यातच म्हणणार. खोटी समजूत काढू नका. “नाही कळत, सांगा,” म्हणा. मी टर्कीत, म्हणजे गर्द बंद झाल्यावर अंग मोडून निघतं तेव्हा, भिंतीला पाठ घासत बसलो होतो. माझी समुपदेशक तेव्हा तेवीस वर्षांची होती. “मला माहीत नाही तुम्हाला काय होतंय, पण मी इथे बसते,” एवढंच म्हणाली, आणि बसली.

दुसरं, पेशंट घसरतात. स्लिप होते, रिलॅप्स होतो, परत दाखल होतात. आणि काही जातात. माझ्याकडचा एक मुलगा चौदा महिने स्वच्छ होता. मित्राच्या लग्नात जुनी मंडळी भेटली. गर्द सुटली की शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि डोक्यात मात्र जुनाच डोस असतो. श्वास थांबला. तेराव्याला गेलो तर त्याच्या आईने मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि स्वतः वाढलं. म्हणाली, “ते चौदा महिने माझा मुलगा माझ्याकडे होता.” तेव्हापासून सुट्टी देताना प्रत्येक पेशंटला आणि घरच्यांना ही सहनशक्तीची गोष्ट मी समोर बसवून सांगतो. घाबरतील म्हणून पूर्वी टाळायचो. आता टाळत नाही.

निफाडचे_गुरुजी | ४ जुलै, दुपारी १.०५

मी आठवी ते दहावीला शिकवतो. सायलीच्या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे एक वाईट अनुभव आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही शाळेत व्यसनविरोधी व्याख्यान ठेवलं. पाहुण्यांनी मोठा फलक लावला: कोणता पदार्थ, कसा दिसतो, कसा घेतात, काय होतं. सडलेल्या फुप्फुसांचे फोटो. शेवटी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. नवव्या दिवशी आठवीची दोन मुलं मुतारीच्या मागे सापडली. फडक्यावर पंक्चरचं सोल्युशन ओतून हुंगत होती. मी विचारलं, कुठे शिकलात? एकाने खरं सांगितलं, “सर, त्या फलकावर होतं.” पदार्थ सायकलच्या दुकानात वीस रुपयांत मिळतो.

तेव्हापासून मी असा कार्यक्रम घेतलेला नाही. पण काहीच न करणं हेही बरोबर नाही. आम्ही करायचं काय?

पायवाट | ४ जुलै, रात्री १०.२०

गुरुजी, तुमचा अनुभव अपवाद नाही. अमेरिकेत १९८३ पासून ‘डेअर’ नावाच्या कार्यक्रमात पोलीस वर्गात जाऊन धडे द्यायचे. त्याचे पुष्कळ अभ्यास झाले, टिकाऊ फरक जवळपास दिसला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने प्रतिबंधाची जी मानकं काढली आहेत, तीही हेच सांगतात: नुसती भीती घालून आणि माहिती देऊन मुलं थांबत नाहीत.

तुम्ही पकडलेली मुलं कोणत्या वयाची ते बघा. २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण जाहीर झालं. त्यात हुंगायची नशा ही एकच अशी निघाली की जिचं प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा मुलांत जास्त आहे. दारू, गांजा, अफू सगळ्यांत उलटं. व्हाइटनर, सोल्युशन, पेट्रोल मिळवायला कुणाची ओळख लागत नाही. आपण मात्र पोस्टरवर इंजेक्शन छापतो.

मग काय करायचं? आइसलँडचं उदाहरण मी प्रत्येक पालकसभेत सांगते. १९९८ साली तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी दारू पिऊन झिंगत. २०१६ साली हे प्रमाण ५ टक्के झालं. त्यांनी ड्रग्जवर भाषणं वाढवली नाहीत. खेळ, संगीत, नृत्य यांची सोय केली, त्यासाठी घरांना पैसे दिले, मुलांनी रात्री किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं ते ठरवून पाळलं, आणि आईवडिलांनी एकमेकांत करार केले. देश छोटा, श्रीमंत, मान्य. पण प्रश्न तोच विचारला ना त्यांनी: या मुलाला नशेतून जे मिळतं ते दुसरं कुठून मिळेल?

माझ्या पॉलिटेक्निकच्या पोराला कुणी आठवीतच चार लोकांत बोलायला शिकवलं असतं तर? आम्ही शाळेत आता आठ आठवड्यांचा तास घेतो, एका वर्गाला तीसच मुलं, आणि त्यात ड्रग हा शब्द पाचव्या आठवड्यापर्यंत येत नाही. मित्राला नाही कसं म्हणायचं हे मुलं उभं राहून करून बघतात. राग आला की हात कुठे जातो, हे एकमेकांना सांगतात. सगळ्यात जास्त हसू ‘नाही’ म्हणताना येतं, कारण ते जमतच नाही. एका मुलीने सहा वेळा प्रयत्न केला. सातव्यांदा जमलं तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

गुरुजी, संध्याकाळी पाच ते आठ तुमच्या शाळेचं मैदान उघडं असतं का?

निफाडचे_गुरुजी | ४ जुलै, रात्री १०.४५

कुलूप असतं. साडेपाचला शिपाई जातो. मुख्याध्यापकांशी उद्याच बोलतो.

वैनगंगा | ४ जुलै, रात्री ११.१०

गडचिरोलीकडून लिहितोय. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी १९९३ पासून आहे. ती आणली गावागावांतल्या बायांनी, डॉ. अभय आणि राणी बंगांच्या ‘सर्च’ संस्थेने साथ दिली. २०१६ पासून मुक्तिपथ हे अभियान चालू आहे, दारू आणि तंबाखू दोन्हींवर. बंदी कागदावर राहू नये म्हणून गावातच संघटना लागते, हे आम्ही बघितलंय.

पण मला बोलायचंय खर्र्याबद्दल. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना कदाचित माहीत नसेल. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटतात. इकडे हे व्यसन आहे असं कुणी समजतच नाही. आठ वर्षांच्या पोराला बाप पैसे देऊन सांगतो, जा, खर्रा घेऊन ये. पोरगा येता येता चिमूटभर तोंडात टाकतो. आधी चव, मग सवय. आणि मग आम्ही त्याला शाळेत तंबाखूमुक्तीची शपथ देतो.

एका गावात आम्ही पोरांना काहीच सांगितलं नाही. बचत गटातल्या बायांनी ठरवलं, पोराच्या हाती खर्रा द्यायचा नाही आणि पोराला आणायला धाडायचं नाही. पानठेलेवाल्याला बाल न्याय कायद्याचं ७७ वं कलम वाचून दाखवलं: मुलाला नशेचा पदार्थ किंवा तंबाखू दिली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. तो म्हणे, “मले हे कोणी सांगितलंच नाही.” त्यालाही दोन पोरं आहेत. त्याने पाटी लावली. सायलीताई, प्रतिबंधाचं काम मुलांसोबतच असतं असं नाही. आमचं निम्मं काम ठेल्यावर होतं.

ठाण्याची_आई | ५ जुलै, रात्री १.२०

इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझा मुलगा वीस वर्षांचा आहे. पायवाटताईंनी लिहिलेला मुलगा वाचला आणि माझाच वाटला. त्याच्या खणात पुड्या सापडल्या. मी पोलिसांना घाबरते. केंद्रात नेलं तर ते पोलिसांना कळवतील का? एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले, आम्ही रात्री गाडी पाठवतो, चार माणसं येतील, तुम्ही फक्त दार उघडा. ऐकून पोटात गोळा आला. त्याचे बाबा म्हणतात पाठवूया.

काळा_कोट | ५ जुलै, सकाळी ७.०५

ताई, वकील म्हणून सांगतो. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे. त्यात ६४ अ हे कलम आहे. व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणातल्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार पूर्ण करणं ही त्याची अट. त्या पुड्या घेऊन कुठेही जाऊ नका. मुलगा सज्ञान आहे. त्याला रात्री उचलून नेणं २०१७ च्या कायद्यात बसत नाही. संमती नसताना दाखल करण्याची पद्धत त्यात ठरवून दिली आहे, त्यात दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं. गाडीवाल्यांना नकार द्या.

पायवाट | ५ जुलै, सकाळी ७.३०

ठाण्याची आई, आत्ता जागी झाले आणि तुमचं वाचलं. आज दोन फोन करा: १४४४६, केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, आणि १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. दोन्ही मोफत. मुलाला आज काही विचारू नका, भाषण तर मुळीच देऊ नका. त्याला आवडतं ते जेवायला करा आणि त्याच्यासोबत बसून जेवा. उद्या एवढंच म्हणा, “मला माहीत आहे. मला भीती वाटते. मी तुझ्यासोबत डॉक्टरकडे येईन.” तो चिडेल, नाही म्हणेल. नंतर पुन्हा म्हणा. आणि तो आला नाही तरी तुम्ही या. पालकांना एकटं येता येतं.

ओहायोचा_बाळू | ५ जुलै, रात्री ८.५०

ओहायोतून. इथे ‘पुनर्वसन समुपदेशक’ हा शब्द मुळात अपंगत्व आलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावून देणाऱ्यासाठी रूढ झाला. मी तेच काम करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत व्यसनातून उठलेले पुष्कळ आहेत. एवढंच सांगायला लिहितोय की सायलीने भावाबद्दल ‘वर्कशॉपमध्ये कामाला आहे’ हे जे एका ओळीत लिहून सोडलं, ते उपचाराइतकंच मोठं आहे. सकाळी सातला ज्याची कुणीतरी वाट बघतं, त्याला उठावं लागतं. तिथल्या केंद्रांनी मालकांशी, आयटीआयशी ओळखी वाढवाव्यात. रोज_एक_दिवस, दारू सोडणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ मीटिंगांची सुरुवात १९३५ साली आमच्याच राज्यात, ॲक्रनला झाली. तुमची पोस्ट वाचून ते आठवलं.

ठाण्याची_आई | ९ जुलै, रात्री ११.००

तो आला नाही. मी गेले. पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय. आज निघताना त्याने विचारलं, “कुठे चाललीस?” मी खरं सांगितलं. त्याने रिक्षा बोलावून दिली.

सायली_मिरज | १३ जुलै, दुपारी ४.३०

सगळ्यांची आभारी आहे. प्रत्येक पोस्ट दोन-तीनदा वाचली. बाबांनाही वाचायला दिली. मानधन आठ महिने अडकलं ते वाचून म्हणाले, “बघ, मी म्हणत होतो.” पण रोज_एक_दिवस यांची पोस्ट वाचताना चष्मा काढून बराच वेळ तसेच बसले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. त्यांचे थोरले भाऊ दारूने गेले. घरात आम्हा मुलांना ‘काविळीने गेले’ असंच सांगितलं होतं.

काल आम्ही दोघं भावाच्या केंद्रात खुल्या सभेला गेलो. बाबा आधी बाहेर स्कूटरपाशी थांबले होते. अर्ध्या तासाने मागच्या रांगेत येऊन बसले.

एम.एस.डब्ल्यू.चा फॉर्म भरायचं ठरलंय. त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत तुमच्याकडे पंधरा दिवस शिकायला येऊ का, पायवाटताई? यायच्या आधी काय वाचून येऊ?

पायवाट | १३ जुलै, संध्याकाळी ६.१०

ये. काही वाचून येऊ नकोस. सकाळचा गट नऊला बसतो आणि उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, मलासुद्धा. डबा जास्तीचा आण, दिवाळीत केंद्रातच राहणाऱ्यांना घरचं खायला मिळत नाही.